पहिल्या अर्थाचं कार्ड

१२ जानेवारी

आत्या,

नमस्कार. पाय इथूनच धरले असं समज, कारण खुर्चीवरून उठायला सवड नाही. बातमी अशी, की मला क्रियापद मिळालं!

तुला वाटेल, त्यात काय एवढं. अगं, चार वर्षं मी या इंग्रजी-मराठी कोशाच्या कचेरीत दुसऱ्यांची मुद्रितं तपासतेय, स्वल्पविराम वेचतेय. काल आमचे मुख्य संपादक माझ्या टेबलाशी आले. त्यांना आम्ही पाठीमागे पूर्णविराम म्हणतो, कारण ते बोलले की विषय संपतो. त्यांनी एक रिकामा खोका ठेवला, म्हणाले, "रन. एकतीस मार्चपर्यंत," आणि निघून गेले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पाणी आणून दिलं.

रन म्हणजे धावणे, असं शाळेत शिकलो आणि पुढच्या शब्दाकडे वळलो ना? कुठलं काय! आमच्या यादीत त्याचे एकशे बहात्तर अर्थ निघालेत. यंत्र रन होतं, नळ रन होतो, नाक, रस्ता, दुकान, ताप, अफवा, सगळं रनच. त्यांची माणसं निवडणुकीलासुद्धा रन करतात. आपली बापडी नुसती उभी राहतात.

काम असं आहे. प्रत्येक अर्थासमोर आपली माणसं खरोखर काय म्हणतात ते लिहायचं, आणि त्याचा लेखी पुरावा कार्डावर डकवायचा. मूळ कागद, तारीख, लिहिणाऱ्याचा धंदा. मनाने रचलेलं वाक्य पूर्णविरामांना चालत नाही. खोका वेळेत भरला तर मी सहसंपादक म्हणून कायम होईन. नाही भरला तर क्रियापद दुसऱ्याकडे आणि मी परत स्वल्पविरामांकडे.

आता मुद्द्यावर येते. लाल शर्ट पांढऱ्या चादरीबरोबर पाण्यात पडला, की काय होतं असं म्हणायचं? पुस्तकं लिहिणाऱ्यांनी कधी चादर धुतलेली नसते. तुझ्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाखाली बसून मी शाळा पुरी केली आणि वरून तुझ्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. तोच पट्टा मला आता लेखी हवाय. फोनवर सांगू नकोस, फोन डकवता येत नाही.

तुझी
भुंगा


२१ जानेवारी

भुंग्या,

आशीर्वाद. अर्धे आता घे, अर्धे खोका भरल्यावर.

एकशे बहात्तर? त्या लोकांकडे शब्दांची टंचाई आहे का गं? एकाला किती म्हणून राबवायचं! माझ्या लाँड्रीत मी एकाच बाईला एवढं राबवलं असतं, तर ती दुसऱ्या दिवशी आलीच नसती.

रंगाचं नीट ऐक, उगाच खिचडी करू नकोस. नव्या कपड्याचा पहिल्या पाण्यात रंग "सुटतो". तो सुटणारच, त्यात कुणाचा दोष नाही. दर पाण्याला सुटत राहिला की रंग "जातो", आणि मग गिऱ्हाईक आपल्याला बोलतं. सुटलेला रंग शेजारच्याला "लागतो". उन्हात वाळत घालून विसरलं की "उतरतो". आणि वापरून वापरून, कुणी काही न करता, तो "विटतो". रंग "पसरला" असं कुणी म्हणालं, तर त्या माणसाने जन्मात कपडे धुतले नाहीत असं खुशाल समज.

समोरच्या घड्याळजींना तुझं क्रियापद सांगितलं. म्हणाले, "आमच्याकडे घड्याळ चालतं. तुमच्याकडे काय चालतं?" म्हटलं, माझं तोंड.

नवी इस्त्री घेतली आहे. दुकानदार म्हणाला जुनीपेक्षा हलकी आहे. मला तर जडच वाटते.

मला तुझा अभिमान वाटतो, हे लिहून ठेवते. तोंडावर सांगितलं तर शेफारशील. सात वर्षांची होतीस, टेबलाखालून डोकं काढून विचारलंस, "आत्या, इस्त्री फिरवतात तर ती गोल का फिरत नाही?" उत्तर मिळेपर्यंत तासभर भुणभुण. तेव्हाच म्हटलं, भावाने माझ्याकडे पोरगी नाही, भुंगा ठेवलाय. तुझा बाप असता, तर आज गल्लीभर सांगत सुटला असता. ते काम मी केलं.

आत्या


२ फेब्रुवारी

आत्या, आत्या, आत्या!

तुझं रंगाचं कार्ड पूर्णविरामांनी दोनदा वाचलं. चष्मा कपाळावर नेला, खाली आणला. "ही बाई कोण?" मी म्हटलं, माझी आत्या, लाँड्री चालवते. ते म्हणाले, "हं." तुला कल्पना नाही, त्यांचं हं मिळायला इथे लोकांची हयात जाते. दोन टेबलं पलीकडचे गृहस्थ सोळा वर्षं वाट बघतायत.

एक कबूल करते. तुझ्या पत्राचे कात्रीने सहा तुकडे केले. एक वाक्य, एक कार्ड, नियमच आहे तसा. रागावू नकोस. एवढ्या प्रेमाने मी आजवर काही कापलेलं नाही.

खरं सांगू? कॉलेजात असताना मैत्रिणींना मी तुझं दुकान दाखवायची नाही. बोळातून फिरवून न्यायची. आता तुझं एकेक वाक्य डकवते आणि शरमेने मान खाली जाते. पाच प्राध्यापकांना जो फरक सांगता आला नाही, तो तू चार ओळींत सांगितलास.

आता आणखी पाठव. नळाचं, पायमोज्याचं, आणि ती गोल न फिरणारी इस्त्री. यंत्राचं, हातापायांचंही पाठव. जे चालतं, वाहतं, फिरतं, ते सगळं. सुचेल ते लिही.

भुंगा


११ फेब्रुवारी

भुंग्या,

सहा तुकडे! लहानपणी पडदा कापलास तेव्हाच ती कात्री लपवायला हवी होती.

बोळातलं मला माहीत होतं. बोळाच्या तोंडाशीच तर आपला नळ आहे. त्या वेळी वाईट वाटलं, आता नाही वाटत. सोड ते.

घे तुझा माल. नळ "गळतो" म्हणजे वायसर गेला. "वाहतो" म्हणजे कुणीतरी उघडा टाकून गप्पा मारत उभं आहे. पायमोज्याचा एक टाका सुटला की तो पार घोट्यापर्यंत "उसवत जातो", मध्ये थांबत नाही. इस्त्री "करतात" ती सावकाश, पाणी मारून, कॉलरपासून सुरुवात करून. "फिरवतात" ती घाईच्या माणसासाठी, त्याला उघड्या अंगाने दारात उभं करून. आता कळलं ना, गोल का फिरत नाही? तिलाही घाई असते.

हातापायांचं मागितलंस, तेही लिहिते. सकाळी हात चालत नाही, ऊन वर आलं की थोडा चालतो. मुंग्या बोटांतून निघतात त्या कोपरापर्यंत चढतात. इस्त्री मुठीत आहे की सुटली, ते बघितल्याशिवाय कळत नाही. परवा वकीलबाईंच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर जळाली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी तरी पूर्ण पैसे दिले, मला तेच जास्त लागलं. रात्री जेवले नाही.

असो. उदाहरणं म्हणून चालतील ना?

आत्या


२२ फेब्रुवारी

आत्या,

चालतील? अगं, नाचतील! "हात चालत नाही" हे एकेचाळिसाव्या अर्थाला चपखल बसलं. "मुंग्या कोपरापर्यंत चढतात" ते अठ्ठ्याऐंशीला. तो अर्थ तीन आठवडे माझ्या छातीवर बसला होता. आणि इतकं खरं वाटतं, की डकवताना माझ्याच बोटांना मुंग्या आल्या. अशी वाक्यं तुला सुचतात तरी कशी? मी इथे पंचवीस पुस्तकं उघडून बसते, आणि तू कपड्यांच्या ढिगाशी उभी राहून लिहून मोकळी होतेस. तुझ्यापुढे मी म्हणजे अगदीच कच्ची.

कॉलरचं वाईट वाटलं. ती नवी इस्त्रीच भिकार असणार, बदलून घे.

शहाण्णव झाले, शहात्तर राहिले. डोळ्यांपुढे कार्डंच दिसतात. काल कचेरीतल्या बाई रडत काहीतरी सांगत होत्या आणि माझं लक्ष त्यांच्या क्रियापदांकडे. नंतर माझी मलाच लाज वाटली.

अजून पाठव. संपणं, गाठ पडणं, आणि मनाविरुद्ध काहीतरी पुढे रेटत राहणं, असं काही असेल तर बघ.

भुंगा


९ मार्च

भुंग्या,

अक्षर बघून दचकू नकोस. अक्षर घड्याळजींचं, बोलणं माझं. माझे हात साबणात आहेत. घड्याळजी, साबणात लिहा म्हटलं ना, मग साबणात लिहा. माझ्याकडे बघत काय बसलात?

हं. तर साबण संपत आला, असं आपण म्हणतो. संपला की संपलाच, पण संपत आला म्हणजे अजून चार दिवस रेटता येतं. दुकान चालू आहे, अर्धा दिवस उघडते. बाकीचा अर्धा रेटून नेते.

गाठ पडण्याचं म्हणशील, तर बाजारात डॉक्टरांशी गाठ पडली. त्यांनी गल्लीतल्या एका बाईची गोष्ट सांगितली. तिची मनगटाची नस दबली आहे. महिन्याभरात ऑपरेशन केलं तर हात परत येतो म्हणाले, नाही केलं तर राहील तो असाच. ती बाई म्हणते, एप्रिलमध्ये बघू. तिचं घरचं माणूस एकच, आणि तेही कामात गुंतलंय. त्याला कशाला उगाच धावत यायला लावायचं, म्हणते. हट्टी आहे. घड्याळजी, हट्टीच्या पुढे तुमचं काही जोडू नका.

खोका किती भरला ते कळव. मी रोज कॅलेंडरवर फुली मारते. म्हणजे घड्याळजी मारतात.

आत्या


१७ मार्च

आत्या,

घड्याळजींना माझा दंडवत. बोललेलं जसंच्या तसं कागदावर! "साबणात लिहा म्हटलं ना" यासकट डकवलं. यापुढे असंच सांगून लिहून घेत जा, लिहिण्यापेक्षाही झकास येतं.

त्या हट्टी बाईची पाच कार्डं झाली. पण तिला माझा निरोप दे, वेडेपणा करू नका, आजच्या आज डॉक्टर गाठा. आणि ते घरचं माणूस कसलं म्हणायचं ते? शेजाऱ्यांना दिसतं आणि त्याला दिसत नाही?

एकशे एकसष्ट झाले! अकरा राहिले, चौदा दिवस आहेत. आत्या, होतंय बहुतेक.

भुंगा


२७ मार्च, बसमध्ये

आत्या,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तुझ्या हातात देणार आहे, कारण समोर आले की मला तोंडाने काही बोलता येणार नाही.

काल दुपारी पूर्णविरामांनी मला आतल्या मोठ्या टेबलाशी बोलावलं. खोका स्वीकारण्याआधी त्यांची एक पद्धत आहे. एकाच माणसाची जास्त कार्डं असली, की ती बाजूला काढून तारखेप्रमाणे लावतात. साक्षीदार पक्का आहे की नाही ते बघतात. तुझी अडतीस कार्डं त्यांनी ओळीने मांडली होती. म्हणाले, "वाचा."

मी अर्थांचे आकडे वाचायला लागले. ते म्हणाले, "आकडे नकोत. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा."

मी वाचत गेले. इस्त्री जड वाटते. हात चालत नाही. मुंग्या चढतात. मुठीत आहे की सुटली ते कळत नाही. कॉलर जळाली. मग अक्षर बदललं. पूर्णविरामांनी तुझ्या अक्षरातल्या शेवटच्या कार्डावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथे ओळ खाली घसरली आहे. पहिल्या कार्डांत घसरत नव्हती." मग म्हणाले, "आणि ही गल्लीतली बाई कोण?"

मी तिथेच खाली बसले. खुर्ची नव्हती, जमिनीवर. आत्या, मीच लिहिलं होतं ना, घरचं माणूस कसलं म्हणायचं ते? तुझी एकूण एक वाक्यं मला पाठ आहेत. एकदाही मी पत्र वाचलं नाही.

मी विचारलं, मुदत वाढवाल का? म्हणाले, "नाही. खोका एकतीसला आला नाही, तर तुमचं कायम होणं पुढल्या वर्षावर. नियम माझा आहे, मला मोडता येत नाही." मग माझी छत्री खुंटीवरून काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पहिली बस साडेपाचला आहे. मी चौकशी केली."

खोका त्यांच्या टेबलावर सोडून आले. क्रियापद गेलं तर गेलं. रागाव, बोल, कात्री लपव, पण डॉक्टरांकडे आजच जायचं.

भुंगा


२१ एप्रिल

माननीय आत्याबाईंस सविनय नमस्कार.

आपली ओळख केवळ कार्डांतून, तरी लिहिण्याचं धाडस करतो. ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, बरं वाटलं.

आपल्या भाचीने खोका एकोणीस दिवस उशिरा दिला. नियमाप्रमाणे तिचं कायम होणं वर्षभर लांबलं आहे. तिने हरकत घेतली नाही. क्रियापद मात्र तिच्याच नावावर राहील, कारण चाळीस वर्षांत असा खोका माझ्या हाती आलेला नाही. हे मी तिला सांगितलेलं नाही. आपण सांगितलंत तर चालेल.

रंग उतरणं आणि विटणं यांतला फरक मी सदुसष्टाव्या वर्षी आपल्याकडून शिकलो. घरी येऊन कपाट उघडलं आणि माझे सगळे कोट विटलेले आहेत असं लक्षात आलं. आजवर ते उतरलेत असं समजून उन्हाला दोष देत होतो.

सोबत आपली पत्रं परत पाठवत आहे. कार्डांवर नकला ठेवल्या. मूळ कागद ठेवण्याचा नियम माझाच, पण पत्रं ज्यांची आहेत त्यांच्याकडे ती अख्खी असावीत असं वाटलं. तुकडे मी स्वतः जोडले. एक उलटा लागला आहे, क्षमा असावी.

एक उणीव राहिली. एकशे एकाहत्तर अर्थ भरले. पहिल्या अर्थाचं, म्हणजे साध्या पायांनी धावण्याचं, कार्ड रिकामं आहे. भाची म्हणाली, तो सगळ्यांनाच माहीत असतो म्हणून शेवटी ठेवला होता. जे सगळ्यांना माहीत असतं त्यालाही पुरावा लागतो. आपण एक वाक्य द्याल का? डाव्या हाताने लिहिलेलं चालेल.

आपला नम्र
मुख्य संपादक


६ मे

भुंग्या,

अक्षराला हसायचं नाही. डावा हात आहे, पहिलीत बसलाय. घड्याळजी लिहून देतो म्हणाले, मी त्यांना हाकललं.

तुझ्या पूर्णविरामांचं पत्र आलं. माणूस देव आहे. उलटा तुकडा मी तसाच ठेवला. विटलेला एक कोट माझ्याकडे पाठवून द्या म्हणावं, बघते काय होतं ते. चाळीस वर्षांत असा खोका बघितला नाही म्हणतात. आता वाच आणि शेफार हवी तेवढी. या वेळी मी काही बोलणार नाही.

तू गेल्यावर रोज सकाळी बोटं हलवते. मधलं बोट अजून झोपलेलं, बाकीची कुरकुरतात. पण काल काय झालं माहीत आहे? इस्त्री तापलीय का बघायला उजवं बोट लावलं आणि चटका बसला! केवढ्याने ओरडले मी. घड्याळजी डोळ्याला भिंग लावलेलेच रस्ता ओलांडून आले, बघतात तर मी बोट तोंडात घालून हसतेय. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्या बोटाला काही कळलं. फोड आलाय. मी तो येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दाखवते.

तुझं एक वर्ष माझ्यापायी गेलं, याचं मला वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू. मला वाटलं होतं मी फार हुशारीने लपवतेय. खरं म्हणजे दर पत्रात लिहीत होते, आणि रोज दुपारी पोस्टमनची वाट बघत होते.

आता तुझं रिकामं कार्ड घे. हे मनाने रचलेलं नाही, घड्याळजींनी खिडकीतून बघितलंय. बस थांब्यापासून दुकानापर्यंत, छत्री काखेत, एक चप्पल हातात, दुसरी कुठे पडली ते अजून सापडलेलं नाही. त्यांनी घड्याळ लावलं होतं, चार मिनिटं म्हणतात.

"मी बोलावलं नव्हतं, तरी पोरगी धावत आली."

तारीख सत्तावीस मार्च. धंदा लाँड्री. खाली डाव्या हाताची सही करते, आणि कात्री लावू नकोस, हे पत्र अख्खंच डकव.

आत्या